चांगल्या हाताचा मोजा

बाजार बंद पडला आणि म्हातारा घरात बसला. बसला तो बसला, आणि मग मला तो दिवसभर बघावा लागला.

गुरांना खुरकुताची साथ आली होती. जिकडे बघावं तिकडे जनावरांच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबतायत, जिभेवर फोड, खुरांच्या बेचक्यात वळवळणारे किडे. त्यात उन्हाळा. वारा सुटला की तो कुजका वास आधी घरात शिरायचा, मग ताटात. सरकारी माणूस येऊन बाजाराच्या फाटकाला कुलूप लावून गेला, आणि माझा नवरा, गुरांचा दलाल, चाळीस वर्षांत पहिल्यांदा दोन महिने रिकामा झाला.

चाळीस वर्षं त्यानं एकाचं जनावर दुसऱ्याच्या गळ्यात मारलं. लंगडं असेल तर मऊ शेणात उभं करायचं, म्हणजे लंगडणं दिसत नाही. ज्या बाजूला खोड, ती बाजू भिंतीला लावायची. विकायच्या सकाळी मीठ चाटवून बादलीभर पाणी पाजायचं, पोट कसं तुडुंब! आणि गिऱ्हाईक बघत असताना शेपटीच्या बुडाशी हळूच चिमटा काढायचा. मेलेलं जनावरसुद्धा कान टवकारतं. मीठ चाटवायचं काम माझं. पाणी पाजायचं काम माझं. उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणू?

त्याच वर्षी आमची सून बाळंत झाली होती, दिवस भरायच्या अडीच महिने आधी. पोराचं वजन सव्वा किलो. शेजारीण बघायला आली ती म्हणाली, "अगं बाई, याहून जड तर कोंबडी मिळते." तेव्हापासून त्याचं नावच सव्वाकिलो पडलं. सत्तेचाळीस दिवस तो काचेच्या पेटीत होता, नाकात नळी, टाचेला सुया टोचून टोचून काळंनिळं झालेलं. सून रोज वाटीत दूध काढायची आणि नर्स ते नळीतून थेंब थेंब सोडायच्या. माझा मुलगा ट्रकवर असतो, तीन-तीन आठवडे घरी नसतो. तेव्हा दवाखान्यात सून आणि मी.

घरी सोडताना नर्सनं एक जाड फाईल दिली. डोळे कधी, कान कधी, आणि मग वाढीची तपासणी, तिसऱ्या महिन्यात, सहाव्या, नवव्या. "आणि वय मोजताना जन्मल्या दिवसापासून मोजायचं नाही हं," ती म्हणाली, "जन्माला यायचा होता त्या दिवसापासून मोजायचं. ते त्याचं हिशेबाचं वय."

घरी येऊन हे सांगितलं तर म्हातारा खो खो हसला. "म्हणजे अडीच महिने प्यायलेलं दूध फुकटच गेलं की!"

डोळे झाले, कान झाले. दोन्ही ठीक निघाले. तिसऱ्या महिन्याच्या तपासणीला जायच्या दिवशी मात्र म्हाताऱ्यानं पोराला उचललं, तळहातावर तोललं आणि म्हणाला, "पाच किलोच्या वर आहे. काय तपासायचंय? डॉक्टरला आजार सापडला नाही तर त्याचं पोट कसं भरणार?" सून फाईल मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसून राहिली. बस गेली. मी चुलीपाशी भाकरी थापत राहिले.

आणि मग बाजार बंद झाल्यावर त्याला हा नवा खेळ सापडला. ओसरीवर कुणी आलं की सव्वाकिलोला आणायचा, पाय तळहातावर ठेवायचा आणि पोराला उभं करायचा.

"बघा! हिशेबानं पाच महिन्यांचा पण नाही, आणि उभा! पाय बघा पाय, नुसत्या खुंट्या!"

पोर खरंच उभं राहायचं. काठीसारखं ताठ. लोक टाळ्या वाजवायचे. सव्वा किलोचा होता म्हणे! कमाल आहे! म्हातारा फुगायचा. आणि प्रत्येक वेळी पोराची उजवी बाजू लोकांकडे असायची, डावी त्याच्या पोटाशी. डाव्या पायाची टाच कधी त्याच्या तळव्याला टेकायची नाही, तो पाय नुसता बोटांवर. मला दिसायचं. चाळीस वर्षं जनावरं हाताळलेली बाई मी, मला दिसणार नाही?

एका दुपारी सून पोराला न्हाऊ घालत होती. म्हणाली, "आई, जरा इकडे या. हा डावी मूठ उघडतच नाही."

"तान्ह्यांच्या मुठी असतातच अशा."

"उजवी उघडतो की. डावीत अंगठा आत दाबून धरतो. हे बघा." तिनं एकेक बोट सोडवत मूठ उघडली. शी! आंबट, कुजका वास आला. मुठीच्या आत घाम, दूध आणि कापडाचे तंतू साचून मळाची वळी झाली होती. कातडी पांढरी पडून भिजल्यासारखी, अंगठ्याच्या मुळाशी लाल चीर. मी तोंड फिरवलं. खुरांतले किडे हातानं काढणारी मी, एवढ्याशा हाताच्या वासानं पदर नाकाला लावला.

"रोज पुसते," सून म्हणाली. "दुसऱ्या दिवशी परत तसंच. खुळखुळा दिला तर उजव्याच हातानं घेतो. डाव्या बाजूला धरला तर अंग वळवून उजवा हात आणतो. आई, हे बरोबर नाही."

"कोमट पाण्यानं पूस आणि पावडर टाक," मी म्हणाले आणि उठले. खोटं बोलायला मला कधी श्रम पडले नाहीत.

त्याच आठवड्यात म्हाताऱ्यानं ती तांबडी गाय विकली. बाजार बंद, विकायला मनाई, तरी विकली. गाईला खुरकूत सुरू झालं होतं. पहाटे उठून मी तुरटीच्या पाण्यानं तिचं तोंड धुतलं, जिभेवरच्या फोडांची सालटं माझ्या बोटांना चिकटत होती. लाळ पुसली, खुरांना डांबर फासलं. शाळेतला शिपाई गाय घ्यायला आला, साधा माणूस, घरी दोन वासरं. म्हाताऱ्यानं शेपटीला चिमटा काढला, गाईनं मान वर केली. शिपाई म्हणाला, "तरतरीत आहे हो."

आठव्या दिवशी तो परत आला. गाय मेली होती आणि दोन्ही वासरंही. भांडायला आला नव्हता. पायऱ्यांपाशी उभा राहिला, आमच्या उंबऱ्यावर थुंकला आणि गेला. म्हातारा म्हणाला, "घेताना डोळे काय गहाण टाकले होते का?" थुंकी मी पुसली. फडकं पिळताना मला पहिल्यांदा स्वतःच्या हातांची किळस आली. साबण लावला, परत लावला, वास काही जाईना.

मग दवाखान्यातून फोन आला. तीच नर्स. तिसऱ्या महिन्याला आला नाहीत, आता सहाव्याला तरी या, एवढ्या कमी वजनाच्या बाळांचं हे चुकवायचं नसतं. सुनेनं तिथल्या तिथे ट्रकवर नवऱ्याला फोन लावला. तिकडून माझ्या मुलानं सांगितलं, "बाबांना म्हणावं, न्यायचंच." आता म्हाताऱ्याला नाही म्हणता येईना.

"मी पण येतो," तो म्हणाला.

सुनेला बरं वाटलं. मला नाही वाटलं. हा माणूस माझ्या चारही बाळंतपणांत दवाखान्याची पायरी चढला नव्हता.

"तुम्ही कशाला?" मी विचारलं.

"कशाला म्हणजे? तिथं काय बोलायचं ते कळतं का तुम्हा बायकांना? ही जाऊन हे दुखतं, ते वाकडं असं बडबडणार. एकदा कागदावर शेरा पडला ना, की जन्मभर पुसत नाही. बाजारात एकदा जनावर नाकारलं गेलं की सगळ्या बाजाराला कळतं, मग त्याला कुत्रं विचारत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

जायच्या सकाळी तो लवकर उठला. तेल कोमट करून सव्वाकिलोचा डावा पाय, डावा हात चोळ चोळ चोळला, ढिला पडेपर्यंत. मग मला म्हणाला, "वजन बघतील. पाज त्याला." सुनेचं दूध पिऊन झालं होतं. वर मी साखरपाणी पाजलं, वाटी-चमच्यानं, एक वाटी, दीड वाटी. पोट टरटरून फुगलं तरी पाजत होते. माझा हात सवयीनं चालत होता. उन्हाळ्याच्या दिवसांत पोराला पूर्ण बाह्यांचं झबलं घातलं, डाव्या हाताची बाही बोटांच्या पुढे लोंबणारी, पायात जाड बूट. सून म्हणाली, "उकडेल त्याला." म्हातारा म्हणाला, "बसमध्ये वारा लागतो."

दवाखान्यात चाळीसएक बायका पोरं घेऊन बसलेल्या. फिनेलचा वास, ओल्या लंगोटांचा वास, एकच पंखा आणि तोही कुरकुरणारा. एकीच्या पोरानं जमिनीवर ओकारी केली, ती आपल्या ओढणीनं पुसत बसली आणि बाकीच्यांनी पाय वर घेतले. नर्सनं वजन घेतलं, फितीनं डोकं मोजलं. "साडेसहा! वा, छान आहे की वजन." म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं.

आमचा नंबर जवळ आला तसा तो सुनेला म्हणाला, "त्याच्या नेहमीच्या थेंबांची चिठ्ठी घे, औषधाच्या खिडकीवर गर्दी वाढतेय. तू जाऊन रांगेत उभी राहा, नाहीतर शेवटची बस चुकेल."

"बाबा, पण डॉक्टरांना मला..."

"आम्ही काय मेलोय का? जा!"

ती गेली. वळून वळून बघत गेली.

डॉक्टरबाई तरुण होती, डोळ्यांखाली काळं. सकाळपासून किती पोरं बघितली असतील देव जाणे. तिनं टेबलावरची गादी पुसली. "इथे झोपवा त्याला, कपडे काढून."

"आडवा केला की ओकतो हो," म्हातारा गोड आवाजात म्हणाला. "आत्ताच प्यायलाय. माझ्या मांडीवर बघा ना, शांत राहतो." आणि खुर्ची सरकवून बसलासुद्धा. पोराची डावी बाजू त्याच्या पोटाशी घट्ट, उजवी डॉक्टरकडे. भिंतीला लावलेलं जनावर.

बाहेर कुणाचं तरी पोर टाहो फोडत होतं. नर्स दारातून म्हणाली, "बाई, अजून सतरा आहेत." डॉक्टरबाईनं एक लाल लोकरीचा गोंडा पोरासमोर धरला, इकडून तिकडे नेला. सव्वाकिलोचे डोळे बरोबर मागे गेले. त्यानं उजव्या हातानं गोंडा ओढला.

"छान. आणि डावा हात?"

"बसमध्ये त्या कुशीवर झोपला होता. मुंग्या आल्यात."

"उभं धरल्यावर पायावर भार देतो?"

"देतो म्हणजे काय! बघा!" तळहातावर बूट ठेवून त्यानं पोराला उभं केलं, वजन सगळं उजव्या पायावर. डॉक्टरबाई अर्धवट उठली, बघितलं, परत बसली आणि लिहायला लागली. सव्वाकिलो पेंगुळला होता, मान कलती झाली होती. तेवढ्यात तो एकदम दचकून किंचाळला, पाय झाडले.

"चपळ आहे," म्हातारा म्हणाला.

मला त्याचा अंगठा दिसला. पोराच्या मांडीच्या मागे, लंगोटाच्या कडेला. चिमटा काढला होता त्यानं.

मला डोळ्यांसमोर ती तांबडी गाय दिसली, तिची सालटं माझ्या बोटांना, उंबऱ्यावरची थुंकी. आणि माझा हात, सकाळी वाटी-चमच्यानं पाणी ओतणारा. डॉक्टरबाई म्हणत होती, "ठीक वाटतंय सगळं. तीन महिन्यांनी या." तिनं शिक्का उचलला.

"थांबा," मी म्हणाले. "डॉक्टरबाई, त्याला उलटा फिरवा."

"काय?"

"ही बाजू दाखवायची बाजू आहे. दुसरी बघा."

"डोकं फिरलंय तिचं," म्हातारा म्हणाला. "गप बस गं!"

मी त्याच्या हातातून पोर हिसकावलं. तो सोडेना, पोर मधे लोंबकळलं, शेवटी त्यानंच सोडलं. मी गादीवर ठेवून बाही वर केली, एकेक बोट सोडवून मूठ उघडली. तो वास आला. डॉक्टरबाईनं नाक मुरडलं नाही, वाकून जवळून बघितलं. मी बूट काढले, मांडी दाखवली. चिमट्याची जागा लाल होऊन फुगली होती.

"हे काय आहे?"

"जनावर तरतरीत दिसावं म्हणून काढतात," मी म्हणाले. "आणि वजन साडेसहा नाही. दीड वाटी पाणी आहे त्यात. मीच पाजलंय."

तेवढ्यात सव्वाकिलोनं ते सगळं ओकून टाकलं. गादीवर, डॉक्टरबाईच्या हातावर, माझ्या छातीवर. साखरपाणी, फाटलेलं दूध. मी आयुष्यात एवढी लाजले नव्हते.

डॉक्टरबाईनं हात धुतले आणि दार लावून घेतलं. सतरा जण बाहेर थांबले. तिनं पोराचा घोटा वर दाबून बघितला, गुडघे बाजूला करून बघितले, पाय तोंडाकडे नेले, उजवा सहज गेला, डावा मधेच अडला. उजवा हात धरून ठेवला आणि डाव्या बाजूला गोंडा नेला. पोर रडलं, पण डावी मूठ उघडली नाही. "कधीपासून आहे हे?" तिनं विचारलं.

म्हातारा छताकडे बघत होता. दार ढकलून सून आत आली, हातात औषधाची चिठ्ठी. "दोन महिने झाले, मी सांगत होते," ती म्हणाली. "मी सगळ्यांना सांगत होते." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

"त्याची डावी बाजू आखडतेय," डॉक्टरबाई तिलाच म्हणाली, आमच्याकडे बघितलंही नाही. "मेंदूची तपासणी करावी लागेल. तिसऱ्या महिन्याच्या तपासणीला आला असता तर व्यायाम तेव्हाच सुरू झाले असते. पण अजून वेळ गेलेली नाही, या वयात शिकवलं तर पुष्कळ येतं. पुढे किती येईल ते मात्र आज सांगू शकत नाही." मग म्हाताऱ्याकडे वळली. "आजोबा, इथे आम्ही कुणाला नापास करत नाही हो. कशाला लपवलंत?"

त्यानं कपाळावरचा घाम बाहीनं पुसला.

पुढच्या खोलीत व्यायाम शिकवणारी बाई होती, धिप्पाड, हसरी. तिनं पोतडीतून एक तान्ह्याचा मोजा काढला आणि सव्वाकिलोच्या उजव्या हातात चढवला. चांगल्या हातात! मला वाटलं, चुकली.

"चुकले नाही," माझा चेहरा बघून ती म्हणाली. "चांगला हात मोकळा असेल तर तोच सगळं करतो, दुसरा आळशी होतो. म्हणून खेळताना रोज अर्धा तास चांगला झाकायचा. वाईट हात उघडा ठेवायचा, सगळ्यांसमोर. त्याच्यापुढे चमचा, डबा, गोंडा, काहीही ठेवा. ओढू दे, पडू दे, चिडू दे. पंधरा दिवसांनी मला दाखवा."

परतीच्या बससाठी आम्ही पत्र्याच्या शेडखाली थांबलो. सून पोराला घेऊन लांब, दुसऱ्या बाकावर बसली. म्हातारा विडी ओढत होता. विडी अर्धी झाल्यावर म्हणाला, "झालं समाधान?"

"तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"काय?"

"चाळीस वर्षं पाय दाबून जनावरं घेतलीत तुम्ही. कधी कळलं?"

त्यानं विडी टाकली, चिरडली. "घरी आणला त्या महिन्यातच," तो म्हणाला. "पाय हातात घेतला की कळतं. तुला नव्हतं कळलं?"

"मग बोलला का नाही?"

"घरच्या मालाला कुणी खोडीचा म्हणतं का?"

इतक्या सहज म्हणाला. मी बाजूला जाऊन शेडच्या खांबापाशी थुंकले. तोंड काही स्वच्छ होईना. कारण त्यानं विचारलेलं खरं होतं, कळलं होतं मला. खुळखुळा देताना मीही उजव्याच हातात देत होते.

दुसऱ्या दिवसापासून मी नियम केला. सून मूठ उघडून पुसायची, पायाचे व्यायाम करायची. मोजा म्हाताऱ्यानं बांधायचा. सकाळी, ओसरीवर, येणारे-जाणारे बघत असताना. नाही म्हणाला तेव्हा मी म्हटलं, "मग जेवण स्वतःचं स्वतः रांधा, आणि तुरटीचं पाणीही स्वतःच करा." दोन दिवस त्यानं चहावर काढले. तिसऱ्या दिवशी मोजा हातात घेतला.

सव्वाकिलो चिडायचा. मोजा घातलेला हात आपटायचा, किंचाळायचा. डावी मूठ पत्र्याच्या डब्यावर नुसती आदळायची. पंधरा दिवसांनी एक बोट बाहेर आलं. मग दुसरं. अंगठा अजून आतच.

बाजार उघडला. एक दूधवाला ओसरीवर आला, काळी गाय बघायला. आमचं पोर सतरंजीवर पालथं, डब्याशी झोंबत होतं.

"एवढ्या उन्हाचं हाताला मोजा?" दूधवाला म्हणाला. "काय झालंय त्या हाताला?"

म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी दारात उभी होते, हात ओले, हलले नाही.

"त्याला काही नाही झालेलं," तो म्हणाला. "तो चांगला आहे. डावा अधू आहे. तो चालावा म्हणून चांगला बांधलाय."

"अरेरे," दूधवाला म्हणाला. "आणि गाय? गाईत काही खोड?"

म्हाताऱ्याचं तोंड उघडलं. मला त्याचं उत्तर पाठ होतं, हजारदा ऐकलेलं. मी तशीच उभी राहिले. त्यानं गाईकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, घसा खाकरला.

"मागचं डावं थान बंद आहे," तो म्हणाला.

दूधवाल्यानं वाकून पिळून बघितलं, हात झटकले, सायकल घेतली आणि गेला. म्हातारा लाल होऊन माझ्यावर उसळला. "बघ! गेला! झालं तुझ्या मनासारखं?"

मला त्याचं काही कौतुक वाटलं नाही. चाळीस वर्षांत एकदा खरं बोलल्याचं काय कौतुक करायचं? सतरंजीवर सव्वाकिलोनं ओढून ओढून चांगल्या हातातला मोजा तोंडानं काढला होता आणि आता तोच हात डब्याकडे नेत होता.

"जाऊ द्या त्या गिऱ्हाईकाला," मी म्हणाले. "मोजा सुटलाय, नीट बांधा."